हिमयुगातला बैल

तेजराम गुरुजींच्या घरात पुस्तकांसाठी वेगळी खोली होती, आणि ही गोष्ट सांगताना अड्याळची माणसं आवाज जरा खाली आणत. घरात कोणी फार दिवसांचं आजारी असलं की आणतात, तसा. पुस्तकं कथा-कादंबऱ्यांची असती तर शेजारच्या बायकांनी दुपारी वाचायला तरी नेली असती. पण ही होती खडकांवर, जीवाश्मांवर आणि माणूस हा माणूस होण्याआधी नेमका काय होता यावर विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेली जाडजूड पुस्तकं. नागपूरच्या जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या कॉलेजांच्या कपाटांतून, एकदा तर एका प्राध्यापकाच्या तेरवीला जाऊन गुरुजींनी ती जमवली होती. तेरवीचं जेवण राहिलं तिथेच, आणि गुरुजी एसटीच्या टपावर दोन पोती चढवून घरी आले. पुष्कळशा पुस्तकांच्या मुखपृष्ठावर कवट्या होत्या. पाहुण्यांची लेकरं त्या खोलीत एकटी जात नसत.

गुरुजींनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. त्या भूगोलात खडकांच्या वाट्याला दीड धडा होता आणि गुरुजी तो दीड धडा दिवाळीपर्यंत पुरवत. निवृत्तीनंतर ऐकायला वर्ग उरला नाही. मग ते वाचत, स्वतःशीच मान डोलवत, आणि चहा घेऊन आलेल्या बायजाबाईंना म्हणत, "आयकलं का, आपल्या पायाखालचा खडक जगातल्या लय जुन्या खडकांपैकी आहे." बायजाबाई म्हणत, "म्हणूनच हिरीले पाणी लागत नाही," आणि कप ठेवून निघून जात.

तर त्या उन्हाळ्यात बायजाबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. त्यांची लेक रुचिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. घरात हवेशीर खोली एकच, आणि तिच्यात पुस्तकं.

"बाळंतिणीच्या उशाशी कवट्या मांडता काय?" बायजाबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत ह्या पुस्तकायचा कोणाले एकदा तरी उपेग झाला असंल तं सांगा. एकदा. नाही तं रुचिता याच्या आंधी मी रद्दीवाल्याले बलावतो."

गुरुजींनी खूप आठवलं. "विंचू मारला होता," ते शेवटी म्हणाले.

"तो चपलीनंही मेला असता."

गुरुजींनी हातातलं पुस्तक मिटलं. ते उठून तलावावर गेले.

तलावाचा गाळ काढायचं सरकारी काम तेव्हा चालू होतं. भंडाऱ्याकडचे तलाव म्हणजे धानाची आई. ती गाळानं भरली की पाणी धरत नाही, आणि तोच गाळ बांधीत, धानाच्या खाचरात, टाकला की धान असं उठतं की शेजाऱ्याच्या पोटात दुखावं. त्यामुळे जेसीबी तलावात आणि ट्रॅक्टरांची रांग पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर. ते सारं काम योगेंद्र बघत होता. योगेंद्र म्हणजे भय्याजींचा मुलगा, आणि भय्याजी म्हणजे तलावाच्या तोंडावर घर असलेले, गावात सगळ्यांत मोठ्या बांध्या आणि सगळ्यांत मोठा आवाज असलेले शेतकरी. हा आवाज पाळीच्या एका टोकाला निघाला की दुसऱ्या टोकाची म्हैस मान वर करी.

गुरुजी रोज सकाळी तलावात उतरून जेसीबीनं कापलेली भिंत बघत. वर काळा गाळ, त्याखाली पिवळी चिकण माती, त्याखाली मुरूम. पुस्तकात अशा भिंतीचे फोटो असतात आणि शेजारी मापाला हातोडा ठेवलेला असतो. गुरुजींनी घरून उलथनं आणून तसं ठेवूनही पाहिलं होतं.

"गुरुजी, बाजूले व्हा जी, बकेट लागंल," योगेंद्र रोज ओरडायचा.

एका सकाळी बकेट वर गेलं आणि पिवळ्या मातीत एक टोक उघडं पडलं. योगेंद्रला ते लाकूड वाटलं. गुरुजींना नाही वाटलं. ते चप्पल टाकून धावले, मातीतून ते ओढून काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि मग, देवाशपथ सांगतो, त्यांनी त्या हाडाला जीभ लावली.

यात शास्त्र आहे. जुन्या हाडाला बारीक बारीक भोकं पडलेली असतात, ते ओल्या जिभेला चिकटतं. दगड चिकटत नाही. जगातले मोठमोठे संशोधक रानावनात हे करतात आणि त्यांना कोणी हसत नाही, कारण तिथे बघायला अड्याळ नसतं. इथे पाळीवर ट्रॅक्टरवाले होते, धुणं घेऊन आलेल्या बाया होत्या, आणि चहाचं दुकान सोडून खास उभा राहिलेला भैय्यालाल होता. हाड गुरुजींच्या जिभेला पक्कं चिकटलं. त्यांनी ते तसंच धरून आनंदानं दोन्ही हात वर केले.

ते घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. बायजाबाई दारातच उभ्या होत्या.

"आमच्या सासऱ्यानं छप्पन साली मेलेलं ढोर ओढणं सोडलं," त्या म्हणाल्या. "सांगून गेले पोराले, बाबू, हाडाले हात लावू नोको, पुस्तक धर. पोरानं धरलं बापा पुस्तक. अन् वाचू वाचू फिरून हाडापाशीच आलं. तेही जीभ लावून!"

हे गुरुजींना लागलं. वडिलांनी ते काम कसं सोडलं आणि त्यासाठी काय काय सोसलं हे त्यांना ठाऊक होतं. "हे येगळं आहे," एवढंच ते म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी सगळ्यांत जाड पुस्तक काढलं, हाड शेजारी ठेवलं आणि जेवायची आठवण राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ते जेसीबीच्या पुढे जाऊन उभे राहिले. चिकण मातीचा थर, त्यातलं भलं मोठं हाड, आणि खुरप्यानं उकरल्यावर शेजारी मातीच्या घट्ट गोळ्यात अडकलेलं शिंग. गुरुजींनी निकाल दिला होता. हा हिमयुगातला रानबैल. आताच्या बैलांचा खापर-खापर पणजोबा. वय, कमीत कमी वीस हजार वर्षं.

"इथं आता खोदाचं नाही," ते म्हणाले.

मग गावानं सल्ले द्यायला सुरुवात केली. भैय्यालालचं म्हणणं, तिकीट लावा आणि चहाचा ठेका मला द्या. एक म्हणाला, पवनीला स्तूप निघाला तर सरकारनं पाटी लावली, आपल्यालेही पाटी पायजे. दुसरा म्हणाला, सरकारला कळू देऊ नका, पाटी लावतात आणि मग तिथं बकरी चारू देत नाहीत. गावातल्या गुंजननं हाडाचा फोटो मोबाइलवर टाकला. तो फोटो आसगावला पोचेपर्यंत बैलाचा हत्ती झाला होता, आणि लाखांदुरावरून परत आला तेव्हा तो डायनासोर होता आणि त्याच्या पोटात अंडी होती. मोटारसायकली यायला लागल्या. गुरुजी प्रत्येकाला समजावून सांगत की डायनासोर वेगळा, हिमयुग वेगळं, मध्ये कोट्यवधी वर्षं गेली. लोक म्हणत, "ते ठीक आहे जी, पर अंडे कोठी हायेत?"

तिसऱ्या की चौथ्या दिवशी भय्याजी आले. पाऊस तोंडावर होता. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायच्या आत गाळ बांधीत पडायला हवा होता.

"गुरुजी," भय्याजी गरजले, "मेलेल्या बैलासाठी जित्या बांध्या उपाशी ठेवता काय? तुमच्या पुस्तकातल्या बैलानं कोणाचं पोट भरलं?"

"भय्याजी, बैलाची थोडी तरी कदर..."

गुरुजींना एवढंच म्हणायचं होतं की शास्त्राची कदर करा. पण तो शब्द त्यांच्या तोंडून निसटला आणि मागून भैय्यालाल हसला. "त्यायले कायची कदर जी? ज्याच्या बापानं पटाचा बैल कसायाले देल्ला!"

सगळे भय्याजींकडे बघायला लागले. गावातली ही जुनी गोष्ट. भय्याजींचे वडील सोमाजी यांचा चंद्र्या नावाचा बैल होता. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, तो सुटला की मैदान उभं राही. आसगावच्या पटात त्याचा पुढचा पाय मोडला, आणि दोन-चार दिवसांत तो गोठ्यातून नाहीसा झाला. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. सोमाजी वारले, त्यालाही किती वर्षं झाली, पण त्या घराचं कोणाशीही भांडण झालं की, शेताच्या धुऱ्याचं असो की ग्रामपंचायतीचं, शेवटी समोरचा हेच काढी. आणि हे काढलं की भय्याजींचा तो मोठा आवाज बंद पडे. आताही पडला. त्यांनी मुलाला हातानंच खूण केली की दुसऱ्या टोकाला खोद, आणि ते निघून गेले.

गुरुजींना फार वाईट वाटलं. तिथलं काम थांबलं, ते जिंकले होते, पण असं जिंकायचं नव्हतं. संध्याकाळी जाऊन माफी मागावी असं त्यांनी ठरवलं, आणि संध्याकाळी फोन लागला म्हणून ते राहून गेलं.

फोनची कथा अशी. गुरुजींनी तालुक्याच्या कचेरीत कळवलं. तिथले म्हणाले, हे पुरातत्त्ववाल्यांचं. पुरातत्त्ववाल्यांनी विचारलं, माणसानं बनवलेलं काही आहे का? नुसतं हाड असेल तर ते भूगर्भवाल्यांचं. भूगर्भवाल्या साहेबांनी एकच विचारलं, "वाळू की मुरूम?" गुरुजी म्हणाले, बैल. साहेब म्हणाले, बैलाला परवाना लागत नाही. शेवटी कोणीतरी वनखात्याचा नंबर दिला. गुरुजींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि "रानबैल" हा शब्द उच्चारताच पलीकडचा माणूस एकदम जागा झाला. माहिती द्यायला गेलेल्या माणसाकडे सरकार कधी फिरकत नाही. संशयिताकडे मात्र गाडी पाठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात.

"रानगव्याचं हाड तुमच्याकडे कुठून आलं?" साहेबांनी विचारलं. साहेब तरुण होते, नव्या नोकरीतले, आणि पंचनाम्याचे कागद त्यांनी नुकतेच शिवून आणल्यासारखे कोरे होते.

"गवा नाही, रानबैल. नामशेष झालेला."

"म्हणजे सगळे मारले?"

"हो. म्हणजे मेले."

"कोणी?"

"साहेब, वीस हजार वर्षं झाली!"

साहेबांनी लिहून घेतलं. "गुन्ह्याची वेळ, अंदाजे वीस हजार वर्षांपूर्वी. तेव्हा तुम्ही कुठे होता?" मग त्यांचं त्यांनाच काहीतरी खटकलं, ते खोडलं, आणि संशयिताच्या रकान्यात तूर्त तेजराम गुरुजींचं नाव घातलं, कारण रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. सरकारी शाळेत एवढी वर्षं स्वच्छ नोकरी केलेल्या माणसाचं नाव एका बैलाच्या खुनात आलं. पंच म्हणून भैय्यालालनं हौसेनं सही केली.

तपास होईपर्यंत मुद्देमाल कुठे ठेवायचा? वनखात्याच्या नाक्यावर जागा नव्हती. साहेबांनी गुरुजींचं घर पाहिलं, पुस्तकांची खोली पाहिली, आणि सगळी हाडं, मातीच्या गोळ्यातल्या शिंगासकट, तिथे ठेवून लिहून दिलं की पुढील आदेश होईपर्यंत या खोलीतली कोणतीही वस्तू हलवू नये.

"कोणतीही?" बायजाबाईंनी विचारलं.

"कोणतीही," साहेब म्हणाले. "पुस्तकंसुद्धा."

बायजाबाई मटकन खाली बसल्या. ज्या खोलीतून पुस्तकं जायची होती तिच्यात आता पुस्तकं होती आणि वर एक बैल होता, आणि दोघांनाही सरकारी संरक्षण मिळालं होतं. गुरुजी तोंड पाडून उभे होते, पण खरं सांगायचं तर त्यांच्या मनात कुठेतरी लाडू फुटत होते. अशा तपासाला वर्षं लागतात. रद्दीवाला काही येत नाही.

"मंग पोरीले कोठी ठेवू? धानाच्या ढोलीत?" बायजाबाई म्हणाल्या, आणि भय्याजींच्या बायकोकडे, निर्मलाबाईंकडे, आपलं दुःख सांगायला गेल्या. बाप्यांचं भांडण असलं तरी या दोघींच्या कुरड्या दरवर्षी एकत्रच होत.

परत आल्या त्या हातात बादली घेऊन. हाडं हलवायची नाहीत, पण धुवायची नाहीत असं काही साहेब म्हणाले नव्हते. बाळंतिणीच्या घरात चिखल नको. त्यांनी तो मातीचा गोळा पाण्यात भिजवला, फोडला, शिंग चोळचोळून घासलं, आणि त्याच्या टोकाला काहीतरी हिरवट लागलं म्हणून भांड्याला लावतात तशी चिंच लावली. टोक लखलखायला लागलं. पितळेची शेंबी होती. पोळ्याला नाहीतर पटाला बैलाच्या शिंगांना घालतात ती, काठाला बारीक घुंगरांची ओळ असलेली.

"आयकलं का," त्यांनी हाक मारली. "तुमच्या हिमयुगात तांबट होते काय?"

गुरुजींनी शेंबी पाहिली. खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "ताम्रपाषाण युग असंल. तेही काही कमी जुनं नाही." एवढं बोलून ते खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. पण तांबं वेगळं आणि पितळ वेगळं, हे गुरुजी सातवीच्या वर्गाला शिकवत होते.

दुपारी बायजाबाई कुरड्यांना गेल्या तेव्हा गुरुजींनी गॅस पेटवला. पुस्तकात जिभेच्या परीक्षेच्या पुढच्याच पानावर दुसरी परीक्षा होती. ती त्यांनी घाईत वाचायची राहू दिली होती. हाडाचा कपचा विस्तवावर धरावा. खरा जीवाश्म असेल तर तो आतून दगड झालेला असतो, त्याला वास येत नाही. ताजं हाड असेल तर केस जळल्याचा वास येतो. गुरुजींनी चिमट्यात कपचा धरला. क्षणभर काही झालं नाही. मग सगळ्या स्वयंपाकघरात केस जळल्याचा वास भरला.

वीस हजार वर्षं गेली. उरली फार तर पन्नास-साठ.

आता हे सगळ्या जगात एकट्या गुरुजींना माहीत होतं. त्यांनी खिडकी उघडली, वास जाऊ दिला. गप्प राहिलं तर काय होणार होतं? साहेबांचा कागद कुठल्या तरी टेबलावर झोपून राहील, लोक हिमयुग हिमयुग करतील, आणि पुस्तकं जागची हलणार नाहीत. खरं बोललं तर गाव हसेल, बैल जाईल आणि त्याच्या मागोमाग पुस्तकंही जातील. गुरुजी खोलीत जाऊन पुस्तकांसमोर बसले. या पुस्तकांनी त्यांना दुसरं काही शिकवलं असो की नसो, हाडापुढे खोटं बोलू नये एवढं शिकवलं होतं. आणि ही गोष्ट पुस्तकांच्याच जिवावर उठली होती, याचं त्यांना रडू आलं. मोठं माणूस, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसलं होतं.

डोळे पुसून त्यांनी सवयीनं ते हाड पुन्हा हातात घेतलं. पुढच्या पायाची नळी. मध्यावर एक गाठ होती. त्यांनी ती पहिल्या दिवशीच पाहिली होती आणि रानबैलाच्या दांडगटपणाची खूण म्हणून सोडून दिली होती. आता त्यांनी पाळीव जनावरांच्या हाडांवरचं पुस्तक काढलं, जे त्यांनी आजवर कधी उघडलं नव्हतं, कारण पाळीव जनावरात त्यांना रस नव्हता. चित्र आणि हाड शेजारी शेजारी ठेवून ते वाचत गेले, आणि वाचता वाचता ताठ होऊन बसले.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचे साहेब तपासाला येणार होते. गुरुजींनी सगळ्यांना पाळीवर बोलावलं. भय्याजींना बोलवायला ते स्वतः गेले. भय्याजी येत नव्हते. गुरुजी म्हणाले, "त्या दिवशीचं माह्या तोंडून चुकून गेलं भय्याजी. चारचौघात गेलं, म्हणून चारचौघातच बोलाचं आहे. चला."

पाळीवर अर्धं गाव जमलं होतं. साहेबांच्या परवानगीनं नळी आणि शेंबी खोलीतून तिथे आणली होती. गुरुजींनी घसा साफ केला.

"हा बैल हिमयुगातला नाही," ते म्हणाले. "रानातलाही नाही. माही चूक झाली."

पाळीवर असा हशा पिकला की पाण्यातले बगळे उडाले. भैय्यालाल तर खालीच बसला. गुरुजी वर्गात थांबत तसे थांबून राहिले. हशा ओसरला तेव्हा त्यांनी हाड वर धरलं.

"हसून झालं असंल तं आता पाहा. हा पटाचा बैल आहे, शिंगाले पितळेची शेंबी आहे. याच्या पुढच्या पायाची नळी मोडली होती. ही गाठ दिसते? हाड जुळून आलं की अशी गाठ धरते. अन् ही गाठ गुळगुळीत झाली आहे. म्हणजे नळी मोडल्यावर हा बैल एक-दोन वर्षं तरी जगला. लंगडा बैल. कामाचा नाही, पटाचा नाही. त्याले कोणी तरी बसवून खाऊ घातलं. पट्ट्या बांधल्या. अन् मेल्यावर शिंगाची शेंबीही न काढता, मान देऊन मातीत ठेवला. कसायाच्या हातून गेलेल्या जनावराचं हाड असं राहत नाही."

कोणी हसलं नाही. गुरुजींनी शेंबी भय्याजींच्या हातात दिली. भय्याजींनी ती उलटीपालटी केली. काठाच्या घुंगरांवरून त्यांचं बोट फिरत राहिलं.

"ही आमच्या घरची आहे," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक की साहेबांनी पुढे वाकून ऐकलं. "हिच्या जोडीची दुसरी आईच्या पेटीत होती. चंद्र्याची. पर तो तं..."

"थांबा," निर्मलाबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइल काढला आणि दिघोरीला लावला. भय्याजींची आत्या रुखमाबाई तिथे राहत होती. वय झालेलं, कानांनी कमी, पण जीभ शाबूत. निर्मलाबाईंनी फोनचा स्पीकर लावला आणि ओरडून विचारलं, "आत्याबाई, मामंजीचा चंद्र्या कोठी गेला होता जी?"

"कोण मेला?"

"मेला नाही, चंद्र्या! बैल!"

"चंद्र्या?" फोनमधला आवाज एकदम मऊ झाला. "मेला बापा, लय दिवस झाले. माह्याच घरामागच्या सांदवाडीत होता ना. पाय मोडला तं दादानं इथं आणून बांधला. दर आठवड्याले ये, हळद लावे, फडकं बांधे, अन् त्याच्यापाशी बसून राहे. बायकोशी एवढा नाही बसला. दुष्काळाच्या साली मेला. तं बैलबंडीत घालून घेऊन गेला. म्हणे, त्याच्या गावच्या पाण्यापाशी ठेवतो. तलाव आटला होता ना तवा."

"आत्या," भय्याजी फोनवर वाकले, "गावाले काहून नाही सांगितलं मंग? लोक कसाई म्हणत होते त्याले!"

"मीही म्हटलं, सांग ना दादा. तं म्हणे, म्हणू दे. पाय दुखावला हे माहीत असून पटात पळवला, तवा मी काही कमी कसाई होतो काय? अन् लंगडा चंद्र्या लोकायनं पाहू नये म्हणे, लोकायनं पळताच पाहिला पायजे. तू कोण बोलतं? भय्या काय? तू तं त्याले कधी विचारलंच नाही रे बाबू. तू विचारशील म्हणून वाट पाहे."

फोन बंद झाला. भय्याजी पाळीवर बसले. पोरांनी शाळेत चिडवलं तेव्हापासून त्यांनी वडिलांना या बैलाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. लाज वाटत होती. नंतर राग आला. नंतर सवय झाली. गुरुजी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. भैय्यालाल मागच्या मागे दुकानाकडे निघाला होता, पण निर्मलाबाईंनी नुसतं बघितलं आणि तो जागीच उभा राहिला.

"गुरुजी," थोड्या वेळानं भय्याजी म्हणाले, "पाय कसा मोडला, कसा जुळला, किती जगला, हे सारं तुमच्या पुस्तकात भेटलं. माह्या बापानं मले आपून होऊन काहून नाही सांगितलं, हे कोण्या पुस्तकात भेटते काय जी?"

गुरुजींना पुस्तकांची बाजू घ्यायची जन्माची सवय. पण ते म्हणाले, "नाही भय्याजी. हाडात तेवढं उतरत नाही."

भय्याजींनी मान हलवली. मग ते रडले, आणि त्यांचा आवाज मोठाच असल्यामुळे तेही पाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. कोणी थांबवलं नाही.

साहेबांनी पंचनामा पुरा केला. प्राणी पाळीव, मृत्यू नैसर्गिक. संशयिताच्या रकान्यातलं गुरुजींचं नाव त्यांनी इतकं जोर लावून खोडलं की कागद फाटला. चंद्र्याला भय्याजींनी स्वतः फावडं घेऊन पाळीच्या कडेला पुन्हा ठेवलं, शेंबीसकट. त्या टोकाच्या गाळाला जेसीबी परत लागला. त्या दिवशी पहिला ट्रॅक्टर भैय्यालालच्या बांधीत गेला, कारण भय्याजींनीच तसं सांगितलं. भैय्यालालला त्यापेक्षा मार परवडला असता.

गुरुजी घरी आले आणि पुस्तकं काढायला लागले. बायजाबाईंनी बोललेलं ते बोललेलं. बैल हिमयुगातला निघाला असता तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी पोती आणली आणि एकेक पुस्तक झटकून आत ठेवू लागले. पाळीव जनावरांच्या हाडांवरचं ते पुस्तक हातात आलं तेव्हा ते जरा थांबले, मग तेही ठेवलं.

बायजाबाई दारात आल्या. त्यांच्या कडेवर साड्यांचा गठ्ठा होता.

"हे काय करून राहिले?"

"रुचिता येते ना. खोली लागंल."

"खोली तं लागंलच." त्या पुढे आल्या, पोत्यातलं वरचं पुस्तक उचललं आणि पदरानं पुसलं. "माहं लोखंडी कपाट रिकामं केलं मी. साड्या पेटीत राहतील, साड्यायले काय होते. त्या कपाटात जेवढे मावतील तेवढे ठेवा. बाकीचे भय्याजीनं त्यायच्या माडीवर ठेवा म्हटलं, योगेंद्र ट्रॅक्टर घेऊन येते." मग जरा दटावून, "पर चाबी माह्यापाशी राहील."

 ते कपाट लग्नात बायजाबाईंच्या माहेरून आलेलं. त्यात गुरुजींना आजवर रुमालही ठेवायची परवानगी नव्हती.

"अन् पुस्तक पायजे असंल तं मागून नेजा," त्या म्हणाल्या, "अन् वाचलं की त्यात काय होतं ते मले सांगजा. एवढे वर्ष घरात आहेत, अन् मले ठाऊक नाही काय हाये त्यात."

"सांगत तं होतो मी!"

"मधूनच सांगत होते तुमी. चहा घेता घेता कोठूनही. असं कोणाले समजते काय?" त्या पोत्यावर बसल्या. "आता सुरुवातीपासून सांगा."

"सुरुवातीपासून?" गुरुजी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. "म्हणजे पृथ्वी झाली तिथून? साडेचारशे कोटी वर्षं होतात."

बायजाबाईंनी खिडकीतून उन्हाकडे पाहिलं.

"सांगा मंग," त्या म्हणाल्या. "रुचिताची गाडी संध्याकाळी येते. तोवर होईल तेवढं होईल."